अविश्वास होता म्हणूनच ‘हो’ म्हटलं

५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत मी ओकलंड शहराच्या ‘मेझर एनएन’ या करप्रस्तावाला ‘हो’ असं मत दिलं. पोलीस, अग्निशमन दल आणि हिंसाप्रतिबंधाचं काम यांसाठी एका कुटुंबाच्या घरामागे वर्षाला १९८ डॉलर, शिवाय पार्किंगवर दहा टक्के अधिभार, मुदत नऊ वर्षं. ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं त्यांना नवल वाटलं. कारण सार्वजनिक सुरक्षेच्या नावानं आलेला असा प्रत्येक प्रस्ताव मी आजवर नाकारत आले होते. नुसता नाकारत नव्हते, तर ओळखीच्या लोकांना फोन करकरून ‘नाही’वर खूण करायला सांगत होते. या शहराच्या हातात आणखी पैसा देऊ नका, हे माझं ठाम म्हणणं होतं आणि त्यासाठी माझ्याकडे कारणं होती. त्यांतली बरीचशी कारणं आजही मला खरी वाटतात. तरीही मत बदललं. ते कसं, हे सांगायला हवं, कारण ज्यांना मी तेव्हा पटवलं होतं त्यांचं एवढं देणं मी लागते.

बे एरियातली आपली बहुतेक मराठी मंडळी फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजेकडे राहतात. गणपतीत किंवा कुणाच्या बारशाला भेट झाली की “अजून ओकलंडलाच का?” हा प्रश्न ठरलेला. त्यात काळजी असते, थोडी भीतीही असते. आम्ही टेकड्यांच्या पायथ्याशी, मॅकआर्थर बुलेव्हार्डच्या वरच्या अंगाला राहतो. शहर मला मनापासून आवडतं. मेरिट तळ्याकाठची रविवारची गर्दी, फ्रूटवेलमधले टाको, चायनाटाउनमधली भाजी, एकाच रस्त्यावर ऐकू येणाऱ्या चार-पाच भाषा. पण गाडीची काच फुटणं इथे बातमी राहिलेली नाही, आणि रात्री दूरवर आवाज झाला की फटाका की गोळी, याचा अंदाज घेत आपण क्षणभर थांबतो. सुरक्षा हा इथे रोजच्या जगण्यातला विषय आहे.

मी हिशेबतपासणीच्या कामात आयुष्य घालवलं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, महाराष्ट्रात एका नगरपालिकेच्या करविभागात होता. त्यामुळे घरपट्टीच्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडत आल्या. आपल्याकडे मालमत्ता कराच्या बिलात सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्षकर, शिक्षण कर, रोजगार हमी कर अशा ओळी असतात. सभागृहात किंवा सरकारात निर्णय होतो, बिल घरी येतं, मुदतीत भरलं तर सूट मिळते. माफीही तशीच येते. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा मुंबईकरांना कुणी मतपेटीपाशी बोलावलं नव्हतं. आणि पोलीस तर महापालिकेचे नसतातच. ते राज्याच्या गृहखात्याचे. त्यामुळे ‘माझ्या वॉर्डात आणखी पोलीस हवेत, त्यासाठी मी घरपट्टी जास्त भरायला तयार आहे का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या माणसापुढे कधी येत नाही.

कॅलिफोर्नियात पोलीस शहराचे असतात. शहराच्या सर्वसाधारण निधीतला सर्वांत मोठा वाटा त्यांच्याकडे जातो, त्याखालोखाल अग्निशमन दलाकडे. आणि कर वाढवायचा तर लोकांना विचारावं लागतं. याचं मूळ १९७८ सालात आहे. त्या वर्षी जूनमध्ये हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी पुढे आणलेलं ‘प्रपोझिशन १३’ राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलं. मालमत्ता कर घराच्या कर-मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला. ते मूल्य १९७५-७६ च्या पातळीवर मागे नेलं गेलं आणि घर विकलं जाईपर्यंत ते वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढेल असं ठरलं. ठरावीक कामासाठी शहराला वेगळा कर हवा असेल तर दोन-तृतीयांश मतदारांचा होकार लागेल, हेही त्यातच आलं. गंमत नाही, गंभीरपणे सांगते: त्या प्रस्तावाला स्वतःला दोन-तृतीयांश मतं मिळाली नव्हती. साध्या बहुमतानं मंजूर झालेल्या नियमानं पुढच्या पिढ्यांना दोन-तृतीयांशाची अट घातली. १९९६ च्या ‘प्रपोझिशन २१८’ नं ही गाठ आणखी घट्ट केली.

मग शहरांनी, शाळांनी, इस्पितळांच्या जिल्ह्यांनी वाट काढली ती ‘पार्सल टॅक्स’ची. म्हणजे घराच्या किमतीशी संबंध नसलेला, भूखंडामागे ठोक कर. आमच्या अलमेडा काउंटीचं बिल ऑक्टोबरमध्ये येतं, पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत. त्या बिलाच्या खालच्या अर्ध्या भागात या ठोक करांची रांग असते. शाळा, ग्रंथालय, डासनिर्मूलन, रुग्णवाहिका, बससेवा. त्यांतच हिंसाप्रतिबंधाची एक ओळ. वरच्या अर्ध्या भागात मात्र शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जमीनअस्मानाचा फरक. आमच्या गल्लीत सत्तरच्या दशकात घर घेतलेल्या एक आजी राहतात आणि परवापरवा घर घेतलेलं एक तरुण जोडपं राहतं. घरं जवळपास सारखी, पण मूळ कर त्या जोडप्याचा कितीतरी पट. ठोक कर दोघांना सारखाच, आणि टेकडीवर खाडीचं दृश्य दिसणाऱ्या हवेलीलाही तेवढाच. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अर्ज करून सूट मिळते, पण अर्ज करावा लागतो. हा कर न्याय्य नाही असं माझं मत होतं. अजूनही आहे. त्या बाबतीत काहीच बदललेलं नाही.

माझ्या ‘नाही’मागचं खरं कारण मात्र वेगळं होतं. मला शहरावर विश्वास नव्हता.

२००४ साली ओकलंडच्या मतदारांनी ‘मेझर वाय’ मंजूर केला. घरामागे ८८ डॉलर आणि पार्किंगवर अधिभार, वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर. त्यातून ६३ जादा पोलीस अधिकारी नेमायचे, काही रक्कम अग्निशमनाला, उरलेली हिंसाप्रतिबंधाच्या कामाला. त्यात एक अट होती, आणि माझ्या व्यवसायातल्या कुणालाही ती आवडावी अशी होती. पैशाला रंग नसतो. एका हातानं नव्या कराचे दोन कोटी घ्यायचे आणि दुसऱ्या हातानं मूळ अंदाजपत्रकातून पोलिसांचे दोन कोटी कमी करायचे, तर लोकांनी दिलेला पैसा कुठे गेला हे कधी कळणारच नाही. म्हणून अट अशी की पोलिसांसाठी शहरानं स्वतःच्या निधीतून किमान ७३९ अधिकाऱ्यांची तरतूद केली पाहिजे, नाहीतर हा कर गोळाच करता येणार नाही.

जुलै २०१० मध्ये तुटीच्या नावाखाली शहरानं ८० पोलीस अधिकाऱ्यांना कामावरून कमी केलं. दल ७७६ वरून ६९६ वर आलं, अट मोडली. नोव्हेंबरमध्ये मतदारांसमोर दोन प्रस्ताव आले. एक, घरामागे ३६० डॉलरचा नवा पोलीस कर, तो दणकून पडला. दुसरा ‘मेझर बीबी’, म्हणजे ती किमान संख्येची अटच बाजूला ठेवा आणि कर चालू राहू द्या. तो मंजूर झाला. मी दोन्हींना ‘नाही’ म्हटलं होतं. जी अट पाळता आली नाही ती काढून टाका, हे शहरानं लोकांनाच विचारावं आणि लोकांनी ‘बरं’ म्हणावं, याचा मला संताप आला होता. शिवाय ज्या पोलीसदलाला पैसा द्यायचा ते दल २००३ पासून न्यायालयाच्या देखरेखीखाली होतं. ‘रायडर्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पोलिसांच्या टोळीनं पश्चिम ओकलंडमधल्या लोकांना मारहाण केली, खोटे पुरावे पेरले अशा आरोपांवरून ११९ जणांनी दावा लावला होता. शहरानं एक कोटी डॉलरच्या वर भरपाई दिली आणि सुधारणांचा करार केला. काही वर्षांत संपायची ती देखरेख दोन दशकं उलटली तरी चालूच राहिली. अशा दलासाठी आपल्या घरावर कर का लावून घ्यायचा? हा माझा प्रश्न होता. २०१४ साली ‘मेझर झेड’ आला, तेव्हाही तोच प्रश्न विचारत मी ‘नाही’वर खूण केली. तो प्रस्ताव तीन-चतुर्थांशाहून जास्त मतांनी मंजूर झाला. बाकीचं शहर चुकतंय असं मला तेव्हा वाटलं.

मन हललं ते कुठल्या भाषणानं नाही. आधी एका गणितानं हललं.

दोन-तृतीयांशाच्या नियमात एका ‘नाही’ला हरवायला दोन ‘हो’ लागतात. म्हणजे माझ्या एका मताचं वजन समोरच्या दोन मतांएवढं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्याचा अर्थ मी मनाशी कधी मांडला नव्हता. ‘मी फक्त नकार दिला, मी काही केलं नाही’ अशी माझी समजूत होती. आमच्याच टेकड्यांवरचं उदाहरण घ्या. २० ऑक्टोबर १९९१ ला ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसं गेली, तीन हजारांहून अधिक घरं जळाली. मदतीला आसपासच्या गावांतून बंब आले, पण ओकलंडच्या पाण्याच्या नळांची तोंडं तीन इंचांची आणि बाहेरच्या पाइपांची जोडणी अडीच इंचांची, त्यामुळे अनेकांना पाणीच घेता आलं नाही. त्या अनुभवातून पुढे, २००४ साली, टेकड्यांवरच्या घरमालकांनी झाडोरा साफ ठेवण्यासाठी स्वतःवर छोटासा आकार बसवून घेतला. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा, २०१३ मध्ये, त्याचं नूतनीकरण मतदानाला आलं आणि अगदी थोडक्यात पडलं. ‘हो’ म्हणणारे ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते, तरी पडलं. झाडोरा वाढतच राहिला. तसाच कर पुन्हा उभा राहायला २०२४ साल उजाडलं. ज्या लोकांनी तेव्हा ‘नाही’ म्हटलं त्यांनाही माझ्यासारखंच वाटत असणार, की आपण काही केलेलं नाही.

दुसरी गोष्ट पैशाच्या कामाची. ‘सार्वजनिक सुरक्षा’ म्हटलं की मी पोलीस एवढंच वाचत होते. मेझर झेडचा मसुदा मी मत देण्यापूर्वी वाचला होता, पण ज्याला विरोध करायचा आहे ते वाचतो तसा वाचला होता. नंतर कधीतरी हिशेबतपासणीचा कागद म्हणून वाचला. त्यात पैशाची उतरंड स्पष्ट होती. आधी अग्निशमनाला वर्षाला वीस लाख, तीन टक्के लेखापरीक्षण आणि मूल्यमापनाला, मग जे उरेल त्याचे साठ टक्के पोलिसांना, चाळीस टक्के हिंसाप्रतिबंधाला. या चाळीस टक्क्यांतून काय होतं, हे शोधायला मी या कराच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख आयोगाच्या बैठकीला जाऊन बसले. तिथे फारसं कुणी नसतं. पण तिथेच मला ‘सीझफायर’चं काम समजलं, आणि माझ्या मतातला सर्वांत मोठा बदल इथून सुरू झाला.

हे काम सोपं नाही, म्हणून सविस्तर सांगते. २०१२ साली ओकलंडमध्ये सव्वाशेच्या पुढे खून झाले. चार लाख वस्तीच्या शहरात. त्यानंतर अभ्यासकांनी एकेका खुनाची फाईल पोलिसांबरोबर बसून तपासली. समज असा होता की शाळा सोडलेली पोरं गांजाच्या धंद्यावरून एकमेकांना मारतात. फायलींत दिसलं ते निराळं. मारणारे आणि मरणारे बहुतेक तिशीच्या आसपासचे पुरुष, आधी तुरुंग पाहिलेले, काही गटांशी जोडलेले, आणि कारण बहुधा जुनी वैरं. शहराच्या लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी माणसांभोवती बहुतेक खून फिरत होते. म्हणजे ही माणसं नावानिशी माहीत असू शकत होती.

मग त्यांना निरोप जायचा. एखाद्या चर्चमध्ये किंवा सभागृहात बोलावलं जायचं. समोर धर्मोपदेशक, ज्यांची मुलं गेली त्या आया, स्वतः कधीकाळी बंदूक चालवून तुरुंगात गेलेली माणसं, आणि पोलीस. सांगणं एकच: तुम्ही जिवंत राहावं, तुरुंगाबाहेर राहावं अशी आमची इच्छा आहे. मदत हवी तर ही आहे. गोळ्या चालूच राहिल्या तर सगळं लक्ष तुमच्या गटावर येईल. मदत म्हणजे पत्रक नव्हे. ‘लाइफ कोच’ म्हणून नेमलेला माणूस रोज फोन करणार, वाहन परवान्यासाठी बरोबर रांगेत उभा राहणार, कोर्टाच्या तारखेला सोबत येणार, कुठे जीव धोक्यात असेल तर गावाबाहेर राहायची सोय करणार. या माणसांच्या पगाराचा मोठा भाग माझ्या बिलातल्या त्या एका ओळीतून येत होता, जिला मी नकार देत आले होते.

परिणाम मोजला गेला. गुन्हेशास्त्रज्ञ अँथनी ब्रागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर शहरांशी तुलना करून केलेल्या अभ्यासात सीझफायरमुळे बंदुकीनं होणाऱ्या खुनांत सुमारे ३१ टक्के घट झाल्याचं दिसलं. २०१८ पर्यंत वर्षाचे खून सत्तरीच्या आसपास आले. हा आकडा वाचला तेव्हा मला आनंद झाला आणि अस्वस्थही वाटलं. मेझर वायमधली ७३९ आणि मेझर झेडमधली ६७८ या किमान पोलीससंख्यांवर मी वर्षानुवर्षं भांडत होते, आणि माणसं ज्यामुळे वाचली तो भाग मी वाचलाच नव्हता. २०१० मध्ये अट मोडली तेव्हा कर थांबला असता तर शहराच्या कारभाऱ्यांना त्याची झळ किती बसली असती कोण जाणे, पण हिंसाप्रतिबंधाच्या कामाला कुलूप नक्की लागलं असतं. मी जी शिक्षा शहराला द्यायला निघाले होते ती भलत्याच माणसांना मिळाली असती.

हे वाचून कुणाला वाटेल की मग सगळं छान चाललं असेल. तसं झालं नाही. २०२० नंतर खून पुन्हा वाढले, २०२१ मध्ये परत सव्वाशेच्या आसपास गेले. महामारी हे एक कारण होतंच. पण जानेवारी २०२४ मध्ये सीझफायरचंच एक परीक्षण प्रसिद्ध झालं, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की शहरानं ती पद्धत हळूहळू सोडून दिली. बैठका कमी झाल्या, लक्ष भलतीकडे गेलं, ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांच्यापर्यंत मदत पोचेना. पैसा मात्र येतच होता. माझ्या जुन्या ‘नाही’ला यासारखा दुसरा पुरावा कुठला मिळणार होता? पण आता तोच कागद मी वेगळा वाचला. ही सगळी ढिलाई आपल्याला कळली कशी? तर तपासायला जुने मोजलेले आकडे हाताशी होते म्हणून, काय ठरलं होतं ते लिहून ठेवलेलं होतं म्हणून. आणि परीक्षणानंतर काम पुन्हा मूळ पद्धतीवर आणलं गेलं, तेव्हा २०२४ अखेर खुनांचा आकडा ऐंशीच्या घरात उतरला.

सर्वसाधारण निधीत गेलेल्या पैशाबद्दल असं काही मला विचारता येत नाही. तो कुठेही वळवता येतो. मतदारांनी मंजूर केलेला हा कर मात्र कायद्यातच बांधलेला असतो. कशावर खर्च करायचा, किती टक्के, किमान पोलीस किती, तपासणी कोण करणार, मुदत कधी संपणार. ज्या शहरावर विश्वास आहे त्याला अटी घालायची गरजच नसते. मी मात्र विश्वास नाही म्हणून अटींचा कागद फाडत होते.

२०२४ च्या त्या मतपत्रिकेत हे अगदी समोर आलं. महापौर शेंग थाओ यांच्या घरावर जूनमध्ये एफबीआयनं छापा टाकला होता. नोव्हेंबरच्या त्याच मतपत्रिकेवर त्यांना परत बोलावण्याचा प्रश्न होता आणि त्याच मतपत्रिकेवर मेझर एनएन. मतदारांनी सुमारे साठ टक्के मतांनी महापौरांना घरी पाठवलं, आणि त्याच हातांनी करही मंजूर केला. हा प्रस्ताव नागरिकांच्या सह्यांनी आला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अपलंड निकालानंतर अशा प्रस्तावांना साधं बहुमत पुरतं, पण याला दोन-तृतीयांशाहूनही अधिक मतं पडली. टीव्हीवरच्या काहींना यात विसंगती दिसली. मला दिसली नाही. कारभारी बदला आणि काम चालू ठेवा, असं या शहरानं सांगितलं, आणि या वेळी मी त्या शहराबरोबर होते.

मत टाकण्याच्या आधी दादाला फोन केला होता. त्याला सगळा मसुदा समजावून सांगितला, ७०० पोलिसांची अट, नवा नियोजन आणि देखरेख आयोग, नऊ वर्षांची मुदत. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “अगं, लोक खिडकीपाशी येऊन आमच्याशी भांडायचे, की हा अग्निकर कशाला, बंब तर वेळेवर येत नाही. माझ्याकडे त्यांना दाखवायला कागद नव्हता. तुझ्याकडे आहे, तर ‘नाही’ का म्हणतेस?” चाळीस वर्षं कर गोळा केलेल्या माणसाचं हे बोलणं होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

जानेवारी २०२५ मध्ये माझ्या नव्या मताची परीक्षा झाली. तुटीपोटी शहरानं टेकड्यांवरची दोन अग्निशमन केंद्रं तात्पुरती बंद केली. त्याच आठवड्यात लॉस एंजेलिसमध्ये पॅसिफिक पॅलिसेड्स जळत होतं. कर मंजूर करून दोन महिने होतात न होतात तोच हे. फ्रीमाँटच्या एका जुन्या मैत्रिणीनं मला लगेच मेसेज पाठवला, “बघ, दिलेस ना पैसे?” तिचा राग मला समजतो, तो माझाच जुना राग आहे. पण पूर्वीची मी त्या दिवशी पुढच्या निवडणुकीची वाट बघत बसले असते. या वेळी नगरसेविकेला लिहिलं, परिषदेच्या बैठकीत बोलायला नाव दिलं, आणि कायद्यातलं अग्निशमनाचं कलम वाचून दाखवलं. बोलायला मिळालेल्या वेळात माझ्यासारखेच कितीतरी लोक तेच कलम वाचत होते. केंद्रं पुढे पुन्हा उघडली. ती माझ्या बोलण्यामुळे उघडली असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आमच्या हातात कलम होतं, नुसती तक्रार नव्हती.

माझे आक्षेप संपलेले नाहीत. बंगल्याला आणि छोट्या घराला सारखा कर लावणं मला पटत नाही, तो बांधकामाच्या क्षेत्रफळावर लावता येतो आणि लावायला हवा. पोलिसांची किमान संख्या ठरवणं पुरेसं नाही. ९११ ला फोन केल्यावर किती सेकंदांत उचलला जातो, याचीही अट असायला हवी. कॅलिफोर्नियाचं मानक पंधरा सेकंदांचं आहे आणि ओकलंड त्यात वर्षानुवर्षं मागे पडत राहिलं, हे अलमेडा काउंटीच्या नागरी ग्रँड ज्युरीनं जाहीरपणे नोंदवलं आहे. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री ‘घोस्ट शिप’ नावाच्या गोदामाला आग लागून ३६ माणसं मेली. त्या जागेची आतून तपासणी झाल्याची नोंद शहराला दाखवता आली नाही. म्हणून तपासणीच्या कामालाही कायद्यात ठळक जागा हवी. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा या गोष्टी त्यात आहेत का, हे मी बघणार आहे. नसतील तर सह्या गोळा होत असतानाच भांडणार आहे, मतपत्रिका छापून झाल्यावर नाही.

आपल्या मंडळींना शेवटी एक विनंती. कॅलिफोर्नियात आपल्यातले हजारो जण घरं घेऊन राहतात, हे सगळे कर भरतात, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असल्यामुळे मत देऊ शकत नाहीत. ज्यांना नागरिकत्व मिळालं आहे त्यांच्यापैकी पुष्कळ जण राष्ट्राध्यक्षाच्या नावावर खूण करून स्थानिक प्रस्तावांचं पान कोरं सोडतात. ते पान कोरं सोडू नका. मतपत्रिकेवरच्या पंचाहत्तर शब्दांच्या प्रश्नावर विसंबू नका, मतदार पुस्तिकेत पूर्ण मसुदा छापलेला असतो, तो वाचा. किमान संख्या, टक्केवारी, लेखापरीक्षण आणि मुदत ही चार कलमं शोधा. सापडली नाहीत तर खुशाल ‘नाही’ म्हणा. सापडली तर ‘हो’ म्हणा, आणि देखरेख आयोगाच्या बैठकीला या. त्या सर्वांसाठी खुल्या असतात, नागरिक नसलेल्यांसाठीही.